स्वयंपाकी कुठं जेवतो?

आमचे अण्णा हॉटेलच्या स्वयंपाकघरात हेल्मेट घालून शिरायचे. स्कूटर बाहेर लावायची, हेल्मेट डोक्यावर तसंच, पट्टासुद्धा सोडायचा नाही, आणि मागच्या दारानं आत. पुढच्या दारानं गेलेलं मी त्यांना कधी बघितलं नाही. "पुढच्या दाराला गणपती असतो, उदबत्ती असते. देवाची तपासणी करायला मी कोण रे?" हेल्मेटचं कारण विचारलं की छताकडे बोट करायचे. कुठल्याशा हॉटेलात वरच्या फळीवरून त्यांच्या टकलावर आधी पाल पडली होती आणि तिच्यामागून पापडाचा डबा. पालीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "ती स्वल्प घाबरली होती. डबा मात्र मुद्दाम पडला."

पालिकेच्या आरोग्य खात्यात ते वरिष्ठ निरीक्षक होते. बेंगळुरूतली हॉटेलं, खाणावळी, बार लायसनच्या अटी पाळतात का ते बघायचं, हे त्यांचं काम. मी त्याच खात्यात कंत्राटावर आलेला संगणकवाला, मूळचा निपाणीचा. ऑफिसात कन्नड चालायचं, वरच्या मजल्यावर इंग्रजी, आणि आमच्या दोघांत मराठी. त्यांच्या घराण्याची मराठी या गावात तीनशे-चारशे वर्षं मुरलेली, मुरताना तिच्यात कन्नडचं पाणी भरपूर पडलेलं. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "ए कंप्यूटर" एवढंच.

या माणसाबद्दल मी आजवर कुणाशी बोललो नाही. घरी तर नाहीच. का ते सांगायला बसलोय खरा, पण एकदम तिथं जायचा धीर होत नाही. म्हणून हेल्मेटापासून सुरुवात केली.

स्वयंपाकघरात शिरल्यावर अण्णा भांडी बघत नसत, फ्रीज उघडत नसत. आधी मोरीपाशी जाऊन हात धुवायच्या साबणाचा वास घ्यायचे. मग मुख्य स्वयंपाक्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचे, "ऊट आयता?" जेवण झालं का? या गावात हे कुणीही कुणालाही विचारतं, त्यात तपासणी आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. स्वयंपाकी खुशीत "आयतु सर" म्हणायचा. मग दुसरा प्रश्न यायचा.

"कुठं?"

बस्स. एवढीच त्यांची तपासणी. स्वयंपाकी आपल्याच कढईतलं जेवला असेल तर हॉटेल चांगलं. समोरच्या गाड्यावर जाऊन चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, खाऊन आला असेल तर अण्णा हेल्मेटाच्या आतून एक लांब "हां" काढायचे आणि मग खरोखरच फ्रीज उघडायचे. एका मोठ्या हॉटेलात उंच पांढरी टोपी घातलेला शेफ होता. तो म्हणाला, मी घरून डबा आणतो, पथ्याचं आहे. अण्णा म्हणाले, "आणि गिऱ्हाइकाला पथ्य नको?"

ही रीत अचूक होती असं मात्र मी म्हणणार नाही. एका लग्नाच्या हॉलमधला आचारी छातीवर हात ठेवून म्हणाला की मी इथलंच जेवलो. अण्णांनी हॉल पास केला. संध्याकाळपर्यंत अर्धं वऱ्हाड दवाखान्यात, आणि आचारी त्यांच्या शेजारच्याच खाटेवर. अण्णा केळी घेऊन त्याला भेटायला गेले. परत आल्यावर मी हसत होतो, तर म्हणाले, "हसू नको. माणूस प्रामाणिक निघाला की नाही?"

एकदा त्यांनी मलाच विचारलं, "कंप्यूटर, तू रविवारी बायकोला घेऊन जेवायला जातोस, तेव्हा तुझी लिस्ट बघून हॉटेल निवडतोस काय?"

मी म्हटलं, "छे हो, मेव्हण्याच्या हॉटेलात जातो."

"हां," अण्णा म्हणाले. तेच ते लांब "हां".

आता त्या लिस्टबद्दल सांगायला हवं. हॉटेलं हजारो, निरीक्षक मोजके. कुणाकडं आधी जायचं? पूर्वी हे निरीक्षक ठरवायचा, आणि मग लोक म्हणायचे की तो खुन्नस काढतो किंवा खातो. म्हणून वरून हुकूम आला की आता मशीन ठरवेल. जुन्या तपासण्यांचे शेरे मशीनला खाऊ घालायचे, कुठं त्रुटी जास्त ते मशीननं शिकायचं, आणि रोज सकाळी धोक्याच्या क्रमानं यादी काढायची. हे मशीन मी लिहिलं. जे हॉटेल पहिल्या नंबरवर ठाण मांडून बसेल त्याचं लायसन नूतनीकरणाला आपोआप अडकेल, असंही त्यात घातलं. मला त्याचा फार अभिमान होता. मशीनला जात नाही, भाषा नाही, मेव्हणा नाही, असं मी पहिल्या बैठकीत म्हणालो होतो. टाळ्या पडल्या होत्या.

यादी सुरू झाली आणि निरीक्षकांची वजनं वाढायला लागली. मशीन त्यांना जिथं पाठवायचं तिथला डोसा कुरकुरीत असायचा, सांबार ताजं असायचं. एक निरीक्षक पोटावरून हात फिरवत मला म्हणाला, "सर, तुमचं सॉफ्टवेअर फार रुचकर आहे." मला वाटलं, चेष्टा करतोय.

आणि पहिल्या नंबरवर, शहरातलं सर्वांत धोकादायक ठिकाण म्हणून, यशवंतपूरच्या मार्केटामागची एक खाणावळ.

ती चालवायची अथणीकडची एक बाई. सगळे तिला अक्का म्हणत. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे तेलावर शिजवलेली भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. मार्केटातले हमाल आणि अडत्ये एकाच बाकावर मांडीला मांडी लावून जेवायचे. तपासणीच्या नावाखाली मी तिथं अण्णांबरोबर कितीदा जेवलो असेन, ते न सांगितलेलं बरं. ती जागा स्वच्छ होती. अक्का स्वतः शेवटच्या भाकरीला तिथंच, चुलीपाशी जेवायची.

मग ती पहिल्या नंबरवर कशी? मी शेरे उघडून वाचायला लागलो. सगळे अण्णांचे. "पिंपाचं झाकण तिरकं." "भिंतीवरचं कॅलेंडर जुनं." "कोथिंबीर वाजवीपेक्षा ओली." "मांजर दाराबाहेर, पण आत बघत होतं." प्रत्येकाच्या शेवटी तेच ठरलेलं वाक्य, "सूचना दिली, सुधारणा अपेक्षित."

मी त्यांना जिन्यात गाठलं. "अण्णा, हे काय लिहून ठेवलंय?"

"आता काय करू?" ते म्हणाले. "ड्यूटीच्या वेळी यशवंतपुरात काय करत होतास, म्हणून वरचे विचारतात. तपासणीला गेलो म्हणावं लागतं. तपासणी म्हटली की शेरा पाहिजे. 'सर्व ठीक' असं लिहिलं की विचारतात, किती घेतलंस? म्हणून एक काहीतरी बारीक लिहायचं, आणि जेवायचं."

"आणि जिथं खरंच घाण आहे तिथं?"

"तिथं कोण दुसऱ्यांदा जातो रे? ओकारी येतंय."

मी तसाच पायरीवर बसलो. अण्णाच काय, सगळ्याच निरीक्षकांची हीच रीत. चांगल्या ठिकाणी वरचेवर जायचं आणि बारीक खोट काढायची. वाईट ठिकाणी एकदा नाक दाबून जायचं. माझं मशीन शेरे वाचत नव्हतं, मोजत होतं. तिरकं झाकण आणि मेलेला उंदीर त्याला सारखेच. म्हणजे मी मोठ्या मेहनतीनं या शहरातल्या उत्तम जेवणाची यादी तयार केली होती आणि तिला धोक्याची म्हणत होतो.

चूक माझी होती, आणि दुरुस्त करण्यासारखी होती. पण मोठ्या साहेबांपुढं सादरीकरण तोंडावर आलेलं. त्यावर माझं कंत्राट वाढणार की संपणार ते ठरायचं होतं. मी गप्प राहिलो. सादरीकरणानंतर बघू, म्हटलं.

त्याच आठवड्यात अक्का ऑफिसात आली. तिच्या लायसनचं नूतनीकरण अडकलं होतं आणि मुदत संपत आली होती. डोक्यावरचा पदर सारखा करत ती माझ्या टेबलापुढं उभी राहिली.

"काय वो दादा, तुमच्या मशीनला माझं काय वंगाळ दिसलं?"

"तसं नाही अक्का, ते आपोआप..."

"एकदा जेवाय तरी घेऊन या की तिला. न जेवताच नावं ठेवतीया." मग आवाज उतरला. "शटर ओढलं तर मी कुठं जाऊ वो? अथणीतली चूल मोडून आलोय आम्ही."

ती गेल्यावर अण्णा आले. हेल्मेट काखेत. त्यांच्या टकलाकडं मी इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं. डोकं लहान मुलासारखं दिसत होतं.

"कंप्यूटर, तेवढं एक नाव काढ. शेरे माझे आहेत, पाप माझं आहे. हातानं काढ."

मी म्हणालो, "अण्णा, यादीला हात लावता येत नाही. मशीन आहे ते. तिथं कुणाचंच चालत नाही."

आता ते सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

हे म्हणायच्या थोडेच दिवस आधी मी यादीला हात लावला होता. माझ्या मेव्हण्याचं सर्जापूर रोडवर रेस्टॉरंट आहे. बांबूचं छप्पर, पिवळे दिवे, मेनूकार्ड लाकडी फळीवर. एका गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून निरीक्षक गेला, त्यानं पानभर शेरे लिहिले, आणि ते यादीत तिसरं आलं. बायको म्हणाली, "तुमचं मशीन घरच्या माणसांना ओळखत नाही वाटतं?" मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली की हे नाव यादीत कधी यायचं नाही. घालायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. आणि ते रेस्टॉरंट कसं आहे हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. मागं एकदा गंमत म्हणून मी तिथल्या स्वयंपाक्याला "ऊट आयता? कुठं?" विचारलं होतं. त्यानं हनुवटीनं रस्त्यापलीकडचा गाडा दाखवला. म्हटलं, इथलं का नाही? तर म्हणाला, "सर, मीच करतो ना. मला माहीत आहे."

अण्णांनी माझं खरं मानलं. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "कुणाचंच चालत नाही तर नाही." हेल्मेट चढवलं आणि गेले.

हातानं काढता येत नाही म्हटल्यावर त्यांनी आपल्या अकलेनं वाट काढली. पहिल्या नंबरवरून कुणाला खाली आणायचं असेल तर वर कुणीतरी चढायला हवं. आणि चढवायला एक लायक उमेदवार त्यांच्या पायाखालीच होता. आमच्याच इमारतीच्या तळघरातलं कँटीन. तिथं आजवर एकही निरीक्षक तपासणीला गेला नव्हता, कारण सगळे तिथंच चहा पीत. अण्णा मात्र घरून थर्मास आणायचे. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

आता ते रोज सकाळी हेल्मेट घालून तळघरात उतरायला लागले. कँटीनवाला पहिल्यांदा हसला. "काय अण्णा, इथून स्कूटर काढताय?" अण्णांनी साबणाचा वास घ्यायला मोरीकडं बघितलं, तर साबणच नाही. "ऊट आयता?" विचारलं. तो म्हणाला, घरी जाऊन जेवतो. मग अण्णा कामाला लागले. प्रत्येक भांड्याला वेगळा शेरा, प्रत्येक झुरळाला वेगळा शेरा. वड्याचं तेल, त्याच्या खालचं तेल, त्याच्याही खालचं तेल. दिवसभर दुसरं काही नाही. "सूचना दिली, सुधारणा अपेक्षित." ही कामगिरी मला नंतर कळली. त्या दिवसांत मी सादरीकरणाच्या रंगीत पाट्या करण्यात इतका गढलो होतो की रोजची यादी बघणंच सोडलं होतं. स्वयंपाक्यानं मीठ चाखायचं सोडावं तसं.

सादरीकरणाला सभागृह भरलेलं. मोठे साहेब पुढं मधोमध, आजूबाजूला अधिकारी, मागं निरीक्षक. सर्वांच्या हातात कँटीनचे गरम वडे. मी म्हणालो, "आता आजची, आत्ताची यादी बघू," आणि बटण दाबलं.

पडद्यावर कन्नडमध्ये पहिली ओळ आली. पालिका मुख्यालय, उपाहारगृह, तळघर. पुढं लाल ठिपका. अतिधोकादायक.

कुणी हललं नाही. फक्त चावणं थांबलं. साहेबांनी हातातल्या वड्याकडं बघितलं, मग पडद्याकडं, मग पुन्हा वड्याकडं. त्यांच्या शेजारच्या बाईंनी तोंडातला घास रुमालात कसा घेतला ते मी आजही करून दाखवू शकेन. मागून कुणीतरी हसलं आणि ते खोकल्यात बुडवलं.

साहेबांनी वडा बशीत ठेवला, बोटं पुसली, आणि मला विचारलं, "या यादीला कुणाला हात लावता येतो?"

साधा प्रश्न होता. "हो सर, मला येतो, मी लावलाय." एवढंच उत्तर. माझ्या तोंडून आलं ते असं, "नाही सर. हातानं काहीच होत नाही. निरीक्षकानं मुद्दाम शेरे भरले तरच होईल."

सगळ्या माना मागं वळल्या. अण्णा शेवटच्या रांगेत, मांडीवर हेल्मेट घेऊन. ते उठले.

"मुद्दाम भरले साहेब. पण खोटे नाहीत. चला खाली, बघू." कुणी उठलं नाही, तशी ते पुढं म्हणाले, "खोटे ते यशवंतपूरच्या खाणावळीचे. तिथं मी जेवायला जात होतो आणि तपासणी लिहीत होतो. त्या बाईचं लायसन त्यासाठी अडवू नका. हे मी लिहून देतो."

लिहून दिलं. अक्काचं नूतनीकरण झालं. कँटीन चुना फासायला काही दिवस बंद राहिलं आणि त्याच तेलावर पुन्हा सुरू झालं. माझं मशीन "गैरवापर असूनही स्वतःच्या इमारतीला न सोडणारं" म्हणून फारच वाखाणलं गेलं. कंत्राट वाढलं. आणि अण्णांची निवृत्तीला आलेल्या वयात शहराबाहेर लांब आनेकलला बदली झाली. जन्मभर दुसऱ्यांवर शेरे लिहिलेल्या माणसाच्या सेवापुस्तिकेत शेवटचा शेरा पडला, "हेतुपुरस्सर दिशाभूल."

त्यांच्या निरोपाला मी गेलो नाही. त्या दिवशी मला ताप होता. नव्हता, असं लिहायला हवं.

पुढची काही वर्षं मी यशवंतपूर टाळलं. मेव्हण्याकडं मात्र रविवारी जात होतो आणि त्याची पनीरची भाजी पुढं ढकलत होतो. गेल्या महिन्यात स्टेशनवर एका पाहुण्याला सोडलं आणि पाय आपोआप मार्केटामागं वळले. बाकावर अण्णा. निवृत्त होऊनही दर शनिवारी आनेकलहून दोन बस बदलून जेवायला यायचे. बसनं आले होते, तरी हेल्मेट शेजारी ठेवलेलं.

"ये कंप्यूटर. बारीक झालास. लिस्ट बिघडली काय?"

अक्कानं भाकरी टाकली. एक घास खाल्ला, दुसरा हातातच राहिला, आणि मी सगळं सांगून टाकलं. मेव्हणा, ती ओळ, साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर. अण्णा वांग्याचा देठ चोखत ऐकत होते. मी थांबलो तरी ते चोखतच होते. मग देठ ताटाच्या कडेला नीट ठेवला.

"म्हणजे काढता येत होतं."

"हो अण्णा."

"आणि मी एवढी झुरळं मोजली." मला वाटलं, आता शिवी येणार, आणि ती यावी असंही वाटलं. "मला काय सांगतोस रे? मी कुठं विचारलं होतं? मी म्हटलं काढ, तू म्हटलास येत नाही, सरी, संपलं. विचारलं साहेबांनी. त्यांना सांग."

"आता? इतक्या वर्षांनी?"

"साहेब आहेत की अजून. खुर्ची मोठी झालीय, एवढंच." मग आत हाक मारली, "अक्का, ह्याला अजून एक भाकरी. सोमवारी लागणार आहे."

सोमवारी मी वरच्या मजल्यावर गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेखी द्या." दिलं. अण्णांच्या शेऱ्याचा फेरविचार करू, म्हणाले. त्याची फाइल हलली आहे, हे मी जाऊन बघून आलो. माझ्या कंत्राटाचं अजून कळलेलं नाही. टेबलाशी येऊन आधी ती ओळ काढली. मग मशीनला शेरा वाचायला लावलं. तिरकं झाकण वेगळं, उंदीर वेगळा.

दुसऱ्या दिवशी यादी आली. अक्का कुठल्या कुठं खाली गेली होती. पहिल्या नंबरवर सर्जापूर रोड, बांबूचं छप्पर.

मेव्हण्याला नोटीस लागली आहे. सासुरवाडीचा फोन आता मला येत नाही, बायकोला येतो, आणि ती तो दुसऱ्या खोलीत घेते. माझा डबा बंद झाला आहे. तेव्हा दुपारी मेट्रोनं यशवंतपूर.

काल शनिवार होता. ताटावर बसलो तर अण्णांनी खांद्यावर हात ठेवला.

"ऊट आयता, कंप्यूटर?"

"आत्ताच तर बसतोय अण्णा."

"इथलं नाही विचारत. तुझ्या हातचं."

"झालं," मी म्हटलं. "त्या मंगळवारी, यादी आली तेव्हा."

"मीठ?"

"जास्त आहे."

"आसू दे," अण्णा म्हणाले, आणि वांग्याची वाटी माझ्याकडं सरकवली. "सवय होतं."